पिंगळ्यापासून सुरुवात

दर वर्षी नोव्हेंबर आला, वर्तमानपत्रात पक्षी सप्ताहाच्या बातम्या झळकू लागल्या, की आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये कुणीतरी विचारतंच, "मॅडम, हे पक्षी बघणं सुरू करायचं म्हणजे नेमकं काय करायचं? दुर्बीण कुठली घ्यायची? जायचं कुठं?" माझं उत्तर ऐकून विचारणाऱ्याचा थोडा हिरमोड होतो. मी म्हणते, "इतक्यात कुठं जाऊ नका. आधी घरामागचं झाड बघून या."

मी मराठी शिकवते. पक्षिशास्त्राचं शिक्षण मी घेतलेलं नाही. चाळिशी उलटेपर्यंत मला कावळा, चिमणी, पोपट आणि मोर यांपलीकडे फारसं काही ओळखता येत नव्हतं. माझी सुरुवात झाली ती बेळगावपासून फार लांब, शाहपूरला, आणि तीही एका भांडणातून.

शाहपूर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर बेळगावचं शहापूर येतं. हे शाहपूर ते नव्हे. हे मध्य प्रदेशातल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यातलं. भुसावळला उतरायचं, मुक्ताईनगर मागं टाकायचं, इच्छापूरला देवीला हात जोडायचे आणि पुढं बुऱ्हाणपूरच्या वाटेवर हे गाव लागतं. आजूबाजूला केळीच्या बागा. घरात मराठी, बाजारात आणि कचेरीत हिंदी. आपल्याकडे मराठी-कन्नडचं जसं आहे तसंच तिथं मराठी-हिंदीचं. त्यामुळे सीमेवरच्या माणसाला तिथं परकं वाटत नाही. माझी थोरली बहीण तिथं दिली आहे.

घरावरचा आवाज

२०२२ च्या दिवाळीच्या सुट्टीत मी ताईकडे गेले होते. घरात वातावरण जड होतं. ताईच्या सासूबाई, ज्यांना सगळं घर माई म्हणतं, त्या खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्यांची खाट मागच्या खोलीत, खिडकीशी. खिडकीबाहेर अंगण आणि अंगणात जुना कडुनिंब. त्या निंबाच्या ढोलीत पिंगळ्याची जोडी राहत होती. दिवेलागण झाली की दोघं बाहेर येत आणि चिर्र चिर्र, चिवक चिवक असा कालवा सुरू करत. पहाटे पुन्हा तेच.

पिंगळा म्हणजे छोटं घुबड, साळुंकीएवढं. पण घुबडच. घरात आजारी माणूस आणि खिडकीशी घुबड ओरडतंय, एवढं शेजाऱ्यापाजाऱ्यांना पुरेसं होतं. "त्याला हाकला, नाहीतर ते माईंना घेऊन जाईल," असं येणारा-जाणारा सांगून जाई. माझ्या भाच्याच्या हातात गलोल आली होती. दिवाळी झाल्यावर ढोलीची फांदी उतरवायला माणूसही सांगून ठेवला होता.

मी प्राध्यापिकेच्या थाटात भाषण दिलं. अंधश्रद्धा, विज्ञान, लक्ष्मीचं वाहन, वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, घुबड मारणं हा गुन्हा, सगळं सांगून झालं. ताई शांतपणे भाकरी थापत होती. ती म्हणाली, "तुझं सगळं खरं गं. पण तू आठ दिवसांनी परत जाशील. उद्या काही बरं-वाईट झालं तर गाव मला बोलेल. विषाची परीक्षा मी कशाला घेऊ?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. गावात राहणाऱ्या सुनेची भीती ही घुबडाची नसतेच, माणसांची असते.

मग भाच्याला बाजूला घेतलं. तेव्हा तो आठवीत होता. म्हटलं, "गलोल मार हवी तर, पण आधी दोन दिवस हे करतात तरी काय ते बघू." त्याच्या शाळेची एक कोरी वही घेतली. संध्याकाळी दोघंही ओसरीवर बसलो, हालचाल न करता. पहिल्या दिवशी त्यानं लिहिलं: पावणेसहाला एक बाहेर आला, ढोलीच्या तोंडाशी बसला. माझ्याकडे बघून मान खाली-वर केली. डोळे पिवळे, भुवया पांढऱ्या, डोक्यावर पांढरे ठिपके. दहा मिनिटांनी दुसरा. विजेच्या तारेवर गेले. तारेवरून खाली झेप, किडा पकडला, परत तार.

दुसऱ्या दिवशी सकाळी झाडाखाली आम्हाला करड्या रंगाच्या, सुपारीपेक्षा लहान अशा काही गोळ्या सापडल्या. घुबडाला भक्ष्याची हाडं, केस, किड्यांची कवचं पचत नाहीत. त्यांची गोळी करून ते तोंडावाटे टाकून देतं. आम्ही काडीनं गोळ्या उकलल्या. बहुतेकांत किड्यांचे पंख आणि पाय होते. एकीत मात्र उंदराचा इवलासा जबडा निघाला, दातांसकट. भाच्यानं तो कागदावर ठेवून वडिलांना नेऊन दाखवला. भावजी शेतकरी माणूस. त्यांनी तो तळहातावर घेतला, उजेडात धरला आणि म्हणाले, "हे आपल्या कोठीतलंच गिऱ्हाईक दिसतंय."

पण फांदी वाचली ती त्या जबड्यामुळे नव्हे. संध्याकाळी आमची खुसपूस ऐकून माईंनी आतून हाक मारली. आम्ही काय करतोय ते विचारलं. भाच्यानं सगळं वाचून दाखवलं. त्या हसल्या. म्हणाल्या, "मी लग्न होऊन या घरात आले त्या रात्रीपासून हे ओरडतंय. तेव्हा मी काय मेले? तुझे आजोबा गेले ते दवाखान्यात, तिथं कुठं निंब होता?" मग म्हणाल्या, "रात्रभर मला झोप नसते. तेवढाच सोबतीला आवाज. त्याला हाकललंत तर मी कुणाचं ऐकू?"

इतके दिवस सगळे माईंच्या नावानं बोलत होते. माईंना कुणी विचारलंच नव्हतं. भावजींनी फांदी उतरवणाऱ्या माणसाला नको म्हणून निरोप पाठवला.

तोच पक्षी, दोन नावं

बेळगावला परतल्यावर ही हकीगत मी घरी सांगितली. माझ्या सासूबाईंची बोली कन्नड. त्या लगेच म्हणाल्या, "अगं, हा तर हालक्की!" आणि त्यांनी लहानपणची आठवण काढली. पहाटे बुडबुडिके वाजवत एक जण दारात यायचा आणि 'हालक्कीनं सांगितलंय' असं म्हणत घरादाराचं भविष्य सांगायचा. मी चकितच झाले. आपल्याकडेही पहाटे कुडबुडं वाजवत येणाऱ्या जोश्याला पिंगळाच म्हणतात, आणि त्यालाही पिंगळा पक्ष्याची भाषा कळते असंच मानतात. दोन भाषांत एकाच पक्ष्याच्या तोंडी भविष्य दिलं आहे. जो पक्षी एके काळी धान्य आणि आशीर्वाद यांच्या सोबतीनं दारात येत होता, त्यालाच पुढं आपण दगड मारायला लागलो.

सांगायचा मुद्दा हा, की दुभाषिक घराला पक्षिनिरीक्षणात एक आयती शिदोरी आहे. आपल्या घरात एकेका पक्ष्याला दोन-दोन नावं आहेत आणि प्रत्येक नाव पक्ष्याचं काहीतरी वेगळं सांगतं. आपण ज्याला सुतार म्हणतो तो कन्नडमध्ये मरकुटिग, म्हणजे लाकूड कुटणारा. आपला खंड्या हा त्यांचा मिंचुळ्ळी. मिंचु म्हणजे वीज. खंड्या पाण्यावर सूर मारताना एकदा पाहिला की ते नाव कुणी विसरणार नाही. बगळा झाला बेळ्ळक्की, पांढरा पक्षी. चिमणी गुब्बी, साळुंकी गोरवंक, सुगरण गीजग. घरातल्या आजी-आजोबांना ही नावं विचारणं हाच छंदाचा पहिला धडा समजा. पुस्तकंही दोन्हीकडची आहेत. सोलापूरला जन्मलेले आणि जून २०२५ मध्ये आपल्यातून गेलेले मारुती चितमपल्ली यांचा 'पक्षिकोश' मराठीत आहे. पूर्णचंद्र तेजस्वी यांचं 'हक्की पुक्क' कन्नडमध्ये आहे. ज्यांच्या घरात दोन्ही वाचता येतात त्यांनी दोन्ही आणावीत.

रानातला भाऊबंद

पुढच्या वर्षीच्या दिवाळीत मी पुन्हा शाहपूरला गेले ती थोडी हुशार होऊन. दरम्यान मी वाचलं होतं, की बुऱ्हाणपूर जिल्ह्यातच, खकनारच्या जंगलात, पिंगळ्याचा एक अतिशय दुर्मिळ भाऊबंद राहतो. त्याचं नाव रानपिंगळा.

या रानपिंगळ्याची कथा एखाद्या रहस्यकथेसारखी आहे. अ‍ॅलन ह्यूम यांनी १८७३ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली आणि तो मिळवणाऱ्या ब्लेविट नावाच्या अधिकाऱ्याचं नाव त्याला दिलं. १८८४ मध्ये खानदेशात त्याचा शेवटचा नमुना मिळाला आणि त्यानंतर पक्षी जणू गडप झाला. जगभरच्या संग्रहालयांत पेंढा भरलेले मोजके नमुने तेवढे उरले. १९१४ मध्ये तो गुजरातेत मिळाल्याची एक नोंद होती. पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक बाईंनी तो नमुना तपासला तेव्हा ती लबाडी निघाली. जुनाच नमुना चोरून त्यावर नवी चिठ्ठी लावली होती. म्हणजे त्या नोंदीच्या भरवशावर गुजरातेत शोधणं व्यर्थ होतं. मग बेन किंग आणि डेव्हिड अ‍ॅबट या सोबत्यांसह त्यांनी जुन्या, खऱ्या नोंदींच्या ठिकाणी शोध घेतला आणि २५ नोव्हेंबर १९९७ रोजी नंदुरबारकडच्या शहाद्याजवळ त्यांना रानपिंगळा दिसला, भर सकाळी, उघड्या फांदीवर. तब्बल ११३ वर्षांनी! नंतर फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांच्या पाहणीत तो तोरणमाळ, मेळघाट आणि खकनारलाही आढळला. २०१४ मध्ये तर तो मुंबईपासून जवळच्या तानसा अभयारण्यात सापडला. तेही ठाण्याच्या शहापूर तालुक्यातलं. शहापुरांचं आणि पिंगळ्यांचं काहीतरी नातं असावं! आज तो 'संकटग्रस्त' पक्ष्यांच्या यादीत आहे. त्याला सागाचं विरळ, कोरडं जंगल लागतं आणि तेच शेतीखाली, कुऱ्हाडीखाली जात आहे.

एवढं वाचल्यावर कुणाला राहवेल? एका पहाटे भावजींच्या ओळखीची जीप करून मी आणि भाचा खकनारच्या बाजूला गेलो. माझ्या गळ्यात नवी दुर्बीण होती. वाटेवर नीलपंख दिसला, कोतवाल दिसले, सातभाईंचा कलकलाट ऐकला. रानपिंगळा काही दिसेना. आणि मग रस्त्याकडेच्या एका वठलेल्या झाडावर, उन्हात, एक छोटं घुबड! माझे हात थरथरायला लागले. मी कुजबुजले, "तोच! तोच आहे!"

भाच्यानं दुर्बीण घेतली. निवांत पाहिलं. "नाही मावशी. डोक्यावर ठिपके आहेत. हा आपलाच."

त्याचं बरोबर होतं. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतातच. त्याचं डोकं आणि चोच मोठी, पोट स्वच्छ पांढरं, पंखांवर आणि शेपटीवर रुंद पट्टे. मी हे सगळं पुस्तकात वाचलं होतं, पण घाईत मला हवं तेच दिसलं. माझ्यापेक्षा शिकलेल्यांनाही हे चुकलेलं नाही. रानपिंगळा म्हणून छापलेली छायाचित्रं पुढं साध्या पिंगळ्याची ठरल्याची उदाहरणं आहेत. भाच्यानं मात्र वर्षभर घरचा पिंगळा पाहिला होता. त्याला ठिपके पाठ होते. त्याच्यासमोर उद्या खरा रानपिंगळा आला तर तो त्याला ओळखेल, कारण डोक्यावर काय नाही हे त्याला कळेल.

म्हणून मी नव्यानं सुरुवात करणाऱ्याला दुर्मिळ पक्ष्यामागं धावू नका असं सांगते. घरचा एक पक्षी वर्षभर नीट पाहिलात तर बाकीचे पक्षी त्याच्याशी ताडून ओळखता येतात.

सुरुवात कशी करावी?

आता स्टाफरूममधल्या प्रश्नांची उत्तरं.

वेळ सकाळची, सूर्योदयानंतरचे दोन तास. पक्षी तेव्हा पोट भरण्याच्या गडबडीत असतात. संध्याकाळचा शेवटचा तासही चांगला. कपडे मातकट किंवा हिरवट रंगाचे, भडक नकोत. बोलणं कमी. खरं तर चालण्यापेक्षा एका जागी वीस मिनिटं बसल्यावर जास्त दिसतं.

पहिले दोन-तीन महिने दुर्बीण घेऊच नका. घ्याल तेव्हा ८ × ४० किंवा ८ × ४२ ची घ्या. पहिला आकडा किती पट मोठं दिसेल ते सांगतो, दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरमध्ये. जास्त पट म्हणजे जास्त चांगली असं वाटून लोक मोठ्या आकड्याची घेतात. मग हात हलला की चित्र हलतं आणि फांदीवरचा पक्षी सापडेपर्यंत उडून जातो.

वही मात्र पहिल्या दिवसापासून हवी. तारीख, वेळ, जागा, हवा. मग पक्षी केवढा? यासाठी ओळखीच्या पक्ष्यांची मोजपट्टी वापरा: चिमणी, बुलबुल, साळुंकी, कबुतर, कावळा, घार. 'साळुंकीपेक्षा मोठा, कावळ्यापेक्षा लहान' एवढं लिहिलंत तरी निम्मं काम झालं. नंतर चोच कशी, शेपटी केवढी, पाय कुठल्या रंगाचे, एकटा की थव्यात, आणि सर्वांत महत्त्वाचं, करत काय होता. नाव सगळ्यांत शेवटी. नाव कळलं नाही तर जागा कोरी सोडा. अंदाजानं नाव लिहून टाकलं की आपलं बघणं तिथंच थांबतं.

मोबाइलवर कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिविज्ञान प्रयोगशाळेचं 'मर्लिन' नावाचं फुकट अ‍ॅप आहे. ते फोटोवरून आणि आवाजावरून पक्षी सुचवतं. मुलांना ते फार आवडतं. पण ते सुचवतं एवढंच. खात्री आपल्या डोळ्यांनी करायची. फेब्रुवारीत चार दिवस जगभर घराभोवतीच्या पक्ष्यांची गणती होते. त्यात पंधरा मिनिटं बसून मोजलं तरी आपली नोंद धरली जाते. घरच्या सगळ्यांनी मिळून करायला हा उत्तम उपक्रम आहे.

मुलांसाठी एक सोपा खेळ सांगते. आपल्या तिन्ही राज्यांचे राज्यपक्षी शोधायचे: महाराष्ट्राचा हरियल, कर्नाटकाचा नीलपंख आणि माझ्या ताईच्या मध्य प्रदेशाचा दूधराज, ज्याला आपण स्वर्गीय नर्तक म्हणतो. तिन्ही आपल्या भागात दिसू शकतात. घरचं आवार ओळखीचं झालं की मग गोकाक तालुक्यात धुपदाळला, घटप्रभा पक्षी अभयारण्यात हिवाळ्यात जाऊन या. परदेशातून येणारे कांड्या करकोचे तिथं उतरतात.

पथ्यं थोडी, पण ती पाळायचीच. घरट्याजवळ जायचं नाही, घरट्याचे फोटो काढायचे नाहीत. मोबाइलवर आवाज वाजवून पक्ष्याला बोलवायचं नाही; तो आपला शत्रू आला समजून खाणं-पिणं सोडून धावत येतो. घुबडाच्या डोळ्यांवर विजेरी मारायची नाही. आणि दिवाळीच्या आसपास कुणी घुबड धरलेलं, विकायला आणलेलं दिसलं तर गप्प बसायचं नाही, वनखात्याला कळवायचं. अमावास्येच्या जादूटोण्यासाठी त्यांचा बळी दिला जातो. ज्या रात्री लक्ष्मीची पूजा, त्याच रात्री तिच्या वाहनाचा बळी, याला काय म्हणावं?

माईंची वही

माई २०२४ च्या श्रावणात गेल्या. तोवर भाच्याच्या दोन वह्या भरल्या होत्या, आणि त्यांतल्या कितीतरी नोंदी खरं तर माईंच्या होत्या. झोप नसलेलं माणूस काय-काय ऐकतं! कुठला पिंगळा कधी बोलला, पावसात किती वाजता गप्प झाले, पिल्लांचा आवाज पहिल्यांदा कधी आला, हे सगळं त्या सकाळी नातवाला सांगायच्या आणि तो लिहून घ्यायचा. खाटेवरून न उठता त्यांनी जे पक्षिनिरीक्षण केलं तसं मला अजून जमलेलं नाही.

दिवसकार्य झाल्यावर मी गेले तेव्हा शेजारच्या एक बाई ताईला म्हणाल्याच, "त्या रात्री घुबड ओरडत होतं, मी ऐकलं." ताई काही बोलली नाही. भाच्यानं आत जाऊन वही आणली आणि त्या रात्रीचं पान काढून दिलं. खाली तारीख, वेळ आणि पुढं एकच शब्द: 'नेहमीसारखे.' त्याच्या आधीच्या पानावरही तेच, त्याच्याही आधीच्या पानावर तेच. बाईंनी चार-पाच पानं उलटली. भाचीच्या साखरपुड्याची रात्र, नेहमीसारखे. केळीला चांगला भाव मिळाला ती रात्र, नेहमीसारखे. त्यांनी वही मिटून परत दिली. पटलं की नाही, ठाऊक नाही. पण त्या पुन्हा तसं बोलल्या नाहीत.

निंब उभा आहे. ढोलीत जोडी आहे. ताई आता मला फोनवर खुशालीबरोबर पिंगळ्याचीही खबर देते.

तेव्हा वाचकहो, नवी दुर्बीण, लांबचं अभयारण्य हे सगळं पुढं होईल. आज संध्याकाळी दिवे लावल्यावर मागच्या दारी दहा मिनिटं बसा. एखादी जुनी वही शोधा. आणि घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्यांना आधी विचारा, कुठला पक्षी कधी बोलतो ते.